वांव

विजयदुर्गच्या बंदर कचेरीत माझं काम साधं आहे:
जुन्या नकाशावरचे खोलीचे आकडे
फॅदममधून मीटरमध्ये न्यायचे.
एकाला एक पूर्णांक ब्याऐंशी शतांश, पुढचं सोडून द्यायचं.
खाडीच्या तोंडाशी साडेतीन,
किल्ल्याच्या पश्चिमेला सात,
आणि आकड्यांच्या कुशीत बारीक अक्षरं:
चिखल, शिंपा, खडक.
कुणीतरी शिशाच्या गोळ्याला चरबी फासून दोरी सोडली होती.
चरबीला चिकटून तळ वर आला,
एवढीच साक्ष.

जेवणाच्या सुट्टीत कोशात तो शब्द काढला.
वाटलं होतं खोली सापडेल.
सापडले दोन हात.
फार जुन्या इंग्रजीत फॅदम म्हणजे पसरलेले बाहू,
म्हणजे कवेत घेणं, म्हणजे ऊर, आसरा.
मग त्या बाहूंमधलं अंतर.
मग दोरी, मग पाणी,
आणि शेवटी, दोरी ओलीसुद्धा न करता,
दुसऱ्याच्या मनाचा ठाव.
शेकडो वर्षं लागली त्यांना
मिठीपासून समजण्यापर्यंत यायला.
डब्यातलं बांगड्याचं तिखलं तसंच राहिलं.

आमच्या घरात त्याला वांव म्हणत,
नाकातून, स्त्रीलिंगी.
कचेरीत तिचा अनुस्वार गेला, ती पुरुष झाली:
पदोन्नतीस वाव नाही. शंकेस वाव नाही.
गुजरातचे खलाशी सांगतात,
त्यांच्याकडे वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर.
पाणी तिथेही आहेच,
फक्त उतरून जाता येतं.

समानार्थी म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
व्याम. कव. परस.
थांग लिहिला आणि खोडला.
थांग लागतो किंवा लागत नाही,
त्याला हात नसतात.

मोरू तारी, माझा बाप, दोर मोजायचा.
रापणीचा, नांगराचा, कुणाकुणाच्या विहिरीचा.
डाव्या मुठीत टोक, उजवा हात लांब, छाती उघडी.
पहिल्याला एक म्हणत नसे, लाभ म्हणे.
त्याची वांव बाजारापेक्षा चार बोटं जास्त भरे,
म्हणून लोक देवगडाहून येत त्याच्याकडून मोजून घ्यायला
आणि दुकानदार त्याला पायरीखाली उभा करत.
दिवसातून हजारदा उघडले असतील ते हात.
मधे दोर असे.
बापाने पोरीला कवेत घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती,
रीतीबद्दल बोलायचीही नव्हती.

मग एका पावसाळ्यात, होडी वर ओढताना,
उजवा खांदा निखळला तो निखळलाच.
अर्धी वांव घेऊन तो पडवीत बसून राही
आणि मी मोजू लागले.
तुझी आकूड आसा, म्हणे,
दर वांवेक टीच वाढव.
वाढवत गेले. अजूनही पडद्याचं कापड घेताना
हात टीचभर पुढे जातो
आणि दुकानातली मुलगी हसते.

त्या संध्याकाळी त्याला सांगितलं
शब्दाचं मूळ कुठे निघालं ते.
बराच वेळ विडी विझलेलीच धरून बसला.
म्हणाला, म्हणजे इंग्रजांकय हात होते.
मग म्हणाला, तो निळो दोर आण.

उठून उभा राहिला. डावा हात पसरला, टोक मुठीत.
दुखऱ्या खांद्याला खांदा लावून मी उभी राहिले,
उजवा हात जेवढा जाईल तेवढा लांब.
दोर त्याच्या छातीवरून माझ्या छातीवर आला.
दोन छात्यांची एक वांव,
कुठल्याच कोष्टकात न बसणारी.
त्याच्या बनियनला मिठाचा आणि तेलाचा वास होता,
इतक्या जवळून मला तो माहीत नव्हता.

लाभ, तो म्हणाला.
आणि लगेच:
ओढून धर गो, मधी झोळ पडता.